पट्टा चार्जिंगले शे!

मनगटावरचा पट्टा चार्जिंगला लावलेला असला की आमचे शेजारी झिपरू आप्पा खाटेवरून हलत नाहीत. गाय सुटो, पाहुणा येवो, बसल्या जागेवरून ओरडतात, "थांबा गुरुजी, पट्टा चार्जिंगले शे! पाऊल वाया जावाले नको!"

आप्पांची साखर वाढली तेव्हा एका आरोग्य प्रकल्पाने त्यांना हा पावलं मोजणारा पट्टा दिला. सोबत फोनवरून सल्ला देणारी पुण्याची एक ताई. रोज सहा हजार पावलं चालायची. झालं! आप्पांच्या अंगात वारंच शिरलं. आमच्या रनाळे गावात कुणी एसटीचा थांबा विचारला तरी म्हणायचे, "अकराशे चाळीस!" बिचारा पाहुणा गोंधळून रिक्षा शोधायचा.

आणि माणूस प्रामाणिक किती! एकदा आमच्या अंगणात मिरचीचे देठ खुडायला बसले. तासाभराने पट्टा पाहतात तर आकडा भसाभस वाढलेला. आप्पा ताडकन उठले. "मी बठेल व्हतू, आनि हाऊ लबाड मन्हा पावलं मोजी ऱ्हायना!" फुकटची पावलं फेडायला भर उन्हात गावाला दोन फेऱ्या मारून आले. मी पोट धरून हसलो.

म्हणून गुरुवारी मी चक्रावलोच. आप्पा शेताच्या बांधावरून तरातरा चाललेले आणि मनगट मोकळं! पट्टा घरी खुंटीला.

"आप्पा, पावलं वाया चालली की!"

आप्पा चोरी पकडल्यासारखे थांबले. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, सहा हजार पुरा करा का मोबाइलवर निस्ता अंगठा येस. कमी पडनात का ताईना फोन येस. 'आप्पा, आज काय झालं? बरं नाही का? जेवलात का?' घरमा इतलं कोन इचारस मले?"

आप्पांची बायको, आमच्या काकू, जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा सुरतेला. भिंतीपलीकडे मी राहतो, आणि मी आजवर त्यांना फक्त आकडा विचारत आलो होतो. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या ओट्यावर गेलो. पट्टा चार्जिंगला होता, आप्पा खाटेवर पुतळा होऊन बसलेले.

"आप्पा, जेवलात का?"

ते म्हणाले, "बठा गुरुजी." आणि उठून माझ्यासाठी पाणी आणायला आत चालत गेले.