गिरणवाल्या दामूशेठचं विमान

दामूशेठ राऊतांनी माझी पहिली ओळख करून घेतली ती माझ्या पाठीला कान लावून.

मी तेव्हा कऱ्हाडहून नवाच आलो होतो. तारापूरला समुद्रकाठी वीजकेंद्राचा पाया खणला जात होता आणि मला तिथे ड्राफ्ट्समनची नोकरी लागली होती. राहायला खोली हवी म्हणून पाम गावात एका दारापुढे उभा राहिलो. प्रवासात धूळ खाल्लेली, त्यामुळे दोनदा खोकलो. आतून खाकी अर्धी चड्डी आणि बनियन घातलेला एक आडव्या बांध्याचा माणूस आला. नाव नाही, गाव नाही, त्याने मला खांद्याला धरून पाठमोरं फिरवलं, पाठीला कान टेकला आणि म्हणाला, "डावीकडं हवा अडकते. आलं-गूळ खा. खोली मागच्या पडवीत हाय."

दामूशेठची भाताची गिरण होती. ऑइल इंजिनवर चालणारी, पत्र्याच्या शेडमधली. वीस वर्षं त्या इंजिनाशेजारी काढल्यामुळे त्यांचा एका गोष्टीवर ठाम विश्वास बसला होता : "आवाज खोटं बोलत नाय." माणूस बोलतो ते खोटं असू शकतं, त्याचा आवाज नाही. नारळ, घड्याळ, विहिरीवरचा पंप, गाभण म्हैस, सगळ्यांना ते कान लावत. बोईसरच्या स्टँडवर उभ्या बसच्या बॉनेटवर डोकं टेकून त्यांनी ड्रायव्हरला एकदा सांगितलं की वाणगावच्या पुढे ही जाणार नाही. ती वाणगावच्या अलीकडेच बंद पडली. तेव्हापासून तो ड्रायव्हर त्यांना लांबून पाहिलं की गाडी जोरात काढायचा.

एकुलत्या एक मुलीचं लग्नही त्यांनी कानानेच ठरवलं होतं. वाणगावचा मुलगा मोटरसायकलवरून मुलगी बघायला आला. दामूशेठ ओटीवर बसूनच होते. गाडी वळणावर आली तशी ते आत जाऊन बायकोला म्हणाले, "होय म्हन. जो मानूस इंजिन एवढं जपतो तो पोरीला जपंल." जानकीवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ही गोष्ट सांगताना कपाळावर हात मारायच्या. पण जावई खरंच चांगला निघाला होता.

असा हा एक्केचाळीस वर्षांचा, सुखवस्तू, तब्येतीने भरलेला गिरणवाला. त्याचं आयुष्य एका सकाळी नऊ वाजता फिरलं.

थंडीचे दिवस होते, रविवार होता. मी गिरणीत उगाच गप्पा मारत उभा होतो. अचानक दामूशेठनी हात वर केला आणि चालतं इंजिन बंद केलं. भात भरडायला आलेल्या बायका बघत राहिल्या. वर आकाशात कुठेतरी विमानाची घरघर येत होती. मला ती नेहमीसारखीच वाटली. दामूशेठ म्हणाले, "उचक्या देतंय. उतरनार आता." आणि सायकल काढून, बनियनवरच, समुद्राच्या दिशेने सुटले. मागच्या कॅरिअरवर मी.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटीच्या कडक वाळूवर दोन माणसं बसतील एवढं पिवळं विमान उभं होतं. त्याच्याशेजारी पंचविशीचा एक पायलट सिगारेट उलटी धरून पेटवत होता. मुंबईच्या फ्लाइंग क्लबातला शिक्षक होता तो. सरावाला निघाला, इंजिन हवेत अडखळायला लागलं, वाळू दिसली तिथे टेकवलं. आता तासाभरात भरतीचं पाणी चढणार होतं.

दामूशेठनी विचारलं, "पेट्रोल कुठून भरलंत?"

"का?"

"पानी हाय त्यात. आवाज ओला येत होता."

पायलटला ते पटलं नाही. पण दुसरा इलाज नव्हता. मी सायकलवरून गिरणीतली हत्यारं आणली. दामूशेठनी कार्बुरेटर खोलला. तळाशी खरोखरच चमचाभर पाणी. त्यांनी ते काढलं, टाकीतलं पेट्रोल बनियनमधून गाळून घेतलं, प्लग पुसले. तोवर लाटेची फेसाची कड चाकांपासून वीस पावलांवर आली होती. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी विमान ढकलून कोरड्या वाळूकडे तोंड करून दिलं. इंजिन सुरू झालं. दामूशेठनी डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली.

पायलट मात्र बसेना. "वर गेल्यावर पुन्हा बंद पडलं तर?"

"नाय पडनार."

"खात्री काय?"

दामूशेठनी एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "मी बसतो की बरोबर. मग तर झालं?"

आणि पेट्रोलचा वास मारणारा ओला बनियन पुन्हा अंगात घालून आमचे दामूशेठ विमानात बसले. विमान वाळूवरून धावलं, भरतीचं पाणी उडवत वर गेलं आणि दक्षिणेला लहान होत दिसेनासं झालं. जानकीवहिनींना हे सांगायचं काम माझ्यावर आलं. त्या चुलीपुढे होत्या. शांतपणे म्हणाल्या, "भाकऱ्या किती टाकू मग?"

दामूशेठ संध्याकाळच्या गाडीने परतले. अंगात त्या पायलटने दिलेला कोट, त्याची बटणं पोटावर लागत नव्हती. जेवले नाहीत. ओटीवर मला शेजारी बसवून म्हणाले, "कदम, मला पायलट व्हायचंय."

"छंद म्हणून?"

"छंद म्हनून लोक कबुतरं पाळतात. मला पगारी व्हायचंय. धंदा म्हनून."

दुसऱ्याच दिवशी वाणगावहून जावई आले. त्यांना बोलावणं वहिनींचं होतं. जावयांनी मोटरसायकल लावली, पाणी प्यायले आणि सुरुवात केली.

"मामा, वय काय तुमचं?"

"एक्केचाळीस."

"या वयात मानसं काशीला जायचा विचार करतात."

"मी पन जाईन. वरून."

"आनि गिरन?"

"तुमी बघा. तुमच्या हाताला इंजिन ऐकतं."

एवढं कौतुक झाल्यावर जावई उठून गिरणीतलं इंजिन बघायला गेले. वहिनींनी मात्र आठ दिवस दामूशेठशी बोलणं टाकलं. निरोप माझ्यामार्फत. "तुमच्या मित्राला सांगा, आमटी निवते."

दामूशेठनी कोणाची परवानगी मागितलीच नाही. घरच्या नारळीच्या वाडीचा एक तुकडा विकला, डॉक्टरी तपासणी करून आले (डॉक्टरच्या छातीला कान लावायचा मोह आवरला, असं म्हणाले) आणि दर शनिवार-रविवार क्लबात जायला लागले. शिकवायला तोच वाळूवरचा पायलट. तो यांना काका म्हणायचा आणि हे त्याला सर.

खरी मारामारी जमिनीवर होती. पुस्तकं इंग्रजी. दामूशेठ मॅट्रिक, पण त्यांचं इंग्रजी मॅट्रिकलाच थांबलेलं. ऑफिसातून आलो की मी आणि ते पडवीत बसायचो. वारे, ढग, नकाशे, हवाई कायदे. रेडिओवर बोलायची परीक्षा असते, तिच्यात समोरच्याने सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवावं लागतं. त्याचा सराव घरात सुरू झाला. वहिनी म्हणाल्या, "वानगावहून निरोप हाय, पोरीला दिवस गेलेत." दामूशेठ उभे राहून म्हणाले, "वानगावहून निरोप. पोरीला दिवस गेलेत. समजलं." मग दोन क्षणांनी त्यांना ते खरंच समजलं आणि ते हातातलं पुस्तक टाकून अंगणभर नाचले.

हवामानाच्या पेपरात ते पहिल्यांदा नापास झाले. वादळ येण्याची लक्षणं लिहा, असा प्रश्न होता. यांनी दातिवऱ्याच्या एका म्हाताऱ्या नाखव्याला विचारून ठेवलेलं सगळं लिहिलं : खेकडे वाळू चढतात, पाण्याला तेलकट वास येतो, गलबताच्या दोऱ्या आपोआप ताणतात. मी म्हटलं, "अहो, दाब कमी होतो असं लिहायचं."

"दाब मला दिसत नाय. खेकडे दिसतात."

दुसऱ्या खेपेला त्यांनी दाब लिहिला आणि पास झाले. पण परीक्षकाने चूक केली, हे त्यांचं मत शेवटपर्यंत टिकलं.

एकट्याने विमान उडवायची वेळ आली तेव्हा त्यांच्याबरोबरची विशीतली मुलं कधीच उडून मोकळी झाली होती. यांना तिप्पट वेळ लागला. उडवायचे सुरेख, उतरवताना घोटाळा. इंजिनचा आवाज ऐकण्यात इतके रमायचे की जमीन आली हे उशिरा कळायचं. त्या दिवशी ते मला मुद्दाम बरोबर घेऊन गेले होते. शिक्षक विमानातून खाली उतरला, दार लावलं आणि म्हणाला, "काका, आता तुम्ही आणि देव." विमान वर गेलं, मोठा फेरा घेतला, खाली आलं, टेकलं, उसळलं, टेकलं, पुन्हा उसळलं आणि मग एकदाचं बसलं. शिक्षकाने डोळ्यांवरचा हात काढला. दामूशेठ घामाने थबथबलेले, चेहरा असा की जणू नातू झाला. "कदम," ते म्हणाले, "एका फेरीत तीनदा उतरलो. पोरांना येतं का?"

तीन वर्षं लागली. व्यावसायिक लायसन हातात आलं तेव्हा दामूशेठ चव्वेचाळीस वर्षांचे होते. आणि तिथे सगळं अडलं. मोठ्या विमान कंपन्यांत अर्ज केले. सगळीकडून एकच उत्तर, वय जास्त. एका ठिकाणी तर समोरच्या साहेबाने, आपण मुलासाठी आलात का, असं विचारलं. त्या दिवशी ते घरी आले आणि सरळ गिरणीत जाऊन इंजिनाशेजारी बसले. इंजिन चालू नव्हतं. त्या महिन्यात त्यांनी कशाला म्हणून कान लावला नाही. गावात लोक हसत होते. तोंडावर नाही, पण हसत होते.

तशात त्या वाळूवरच्या पायलटचं पत्र आलं. खानदेशात कापसावर विमानातून औषध फवारायचं काम एका लहानशा कंपनीने घेतलं होतं. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून उडायचं, शेताच्या टोकाला झाडं, तारा. पोरं या कामाला तयार होत नव्हती. दामूशेठ मुलाखतीला गेले. किती तास विमान उडवलंत, हे विचारून झाल्यावर साहेबाने सहज विचारलं, बोंडअळी माहीत आहे का. दामूशेठनी वाडीतल्या अनुभवावरून कीड, पान, वारा आणि औषध यांवर अर्धा तास घेतला. शेवटी साहेब म्हणाला, बस करा, सोमवारपासून या.

बोईसर स्टेशनवर त्यांना पोचवायला अख्खं पाम लोटलं. हसणारेसुद्धा हार घेऊन आले होते. वहिनी आल्या नाहीत. घरीच थांबल्या.

मग पत्रं सुरू झाली. वहिनींना वाचता येत नसे, वाचायचो मी. पत्रं म्हणजे निव्वळ धमाल. आज साठ एकर मारलं. आज बैल उधळले, शेतकरी काठी घेऊन विमानामागे धावला. आज आंब्याच्या शेंड्याला चाक घासलं, पानं घेऊन उतरलो. वहिनी सुपात तांदूळ निवडत ऐकायच्या आणि एकच शेरा मारायच्या : "हं."

एका पत्रात दोन कागद निघाले. पहिला नेहमीसारखा, तो मी वाचला. दुसरा वेगळा घडी केलेला होता, वर लिहिलेलं : फक्त कदम. मी मनातल्या मनात वाचून खिशात घातला.

"दुसरा वाचा," वहिनी म्हणाल्या.

"तो मला आहे."

"असंल. पन तो वाचताना तुमचं तोंड उतरलं."

मला खोटं बोलता येईना. वाचला. "कदम, भीती उडताना वाटत नाय. काम संपलं की वाटते. इथं तंबूत मी एकटा. पोरं आपापसात पत्ते खेळतात, मला काका म्हनून बाजूला ठेवतात. दिवसभर काय केलं ते सांगायला मानूस नाय. तुमी पत्रात वाचता ते सगळं मी आधी तंबूच्या खांबाला सांगतो. परत यावं वाटतं. पन एवढे हार घालून घेतले, आता कोनत्या तोंडानं येऊ? तिला कळू देऊ नका. ती आधीच नको म्हनत होती."

वहिनी तांदूळ निवडत राहिल्या. सूप संपलं तेव्हा विचारलं, "गाडी किती वाजता हाय?"

"कुठली?"

"तिकडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली. वहिनींनी एक ट्रंक, एक स्टोव्ह, तांदळाची गोणी आणि सुके बोंबील घेतले. सुरतेला गाडी बदलून आम्ही अमळनेरला उतरलो आणि पुढे बैलगाडीतून त्या शेतातल्या धावपट्टीवर पोचलो. धावपट्टी कसली, सपाट केलेलं माळरान, कडेला तंबू आणि औषधाची पिंपं.

विमान कापसावरून खाली जाऊन परत वर येत होतं. वहिनींनी ते पहिल्यांदाच पाहिलं. डोक्यावरचा पदर सावरत त्या पट्टीच्या कडेला उभ्या राहिल्या. टाकी रिकामी झाली तसं विमान उतरायला वळलं, खाली आलं, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आलं, आणि न टेकता पुन्हा वर गेलं. फेरा घेऊन परत आलं. पुन्हा वर. पिंपांजवळचा मेकॅनिक उठून उभा राहिला. "काय झालं काकांना? चाकाला काही झालं का?"

तिसऱ्या फेऱ्याला ते उतरलं, अगदी अलगद. दामूशेठ खाली आले. उन्हाने काळे पडलेले, वाळलेले. वहिनींच्या समोर येऊन थांबले, पण बोलले मेकॅनिकशी.

"दिसत नव्हतं," ते म्हणाले. "डोळे भरलेले असताना विमान उतरवायचं नसतं."

वहिनी म्हणाल्या, "तंबू दाखवा. स्टोव कुठं ठेवायचा ते बघू."