काहून बंद

आमच्या बुटीबोरीच्या कापड कारखान्यातले शिफ्ट इनचार्ज वसंतराव भोयर यांनी जवळपास सहा महिने कोणालाही 'काहून' विचारलं नाही. बाकीचा महाराष्ट्र 'का' म्हणतो तिथे आम्ही नागपूरकडचे 'काहून' म्हणतो, आणि उठल्यापासून झोपेपर्यंत म्हणतो. भोयर साहेबांनी मात्र खिशाला चिठ्ठीच टाचून ठेवली होती : 'काहून बंद'.

त्याआधी त्यांचा सगळा कारभार याच एका शब्दावर चाले. काहून उशीर झाला? काहून धागा तुटला? काहून हसून राहिला? वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे आवाजही असा, की घरात पाणी मागितलं तर शेजारीण तांब्या घेऊन येते. तीन 'काहून' कानावर पडले की नवा कामगार चौथ्याची वाट न पाहता नोकरी सोडून जाई. शेवटी मोठ्या साहेबांनी बजावलं : सहा महिन्यांत आणखी एक जरी माणूस सोडून गेला, तर इनचार्जपद गेलं समजा. आणि नेतृत्वगुण शिकायला त्यांना तीन दिवस एका हॉटेलात पाठवून दिलं.

तिथे शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, 'का' विचारलं की समोरचा माणूस बिथरतो. भावना विचारा. त्याचा प्रवास विचारा. साहेबांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं, पण आवाज कमी करायचा धडा बहुतेक त्यांना ऐकूच आला नसावा.

"लूम थांबला, याबद्दल तुह्या मनात काय भावना हाये?" दुसऱ्याच दिवशी अख्ख्या शेडने ऐकलं.

"भावना नाही साहेब, पट्टा तुटला."

दुसरा धडा असा, की समोरचा जसा वागतो तसं आपणही वागावं, म्हणजे त्याला आपलेपणा वाटतो. त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांच्या पायाचा अंगठा सुजला होता. ते लंगडत पाहणीला आले. भोयर साहेब शेजारून तितकंच लंगडत निघाले. मोठे साहेब थांबले. "तुमच्या पायाला काय झालं?"

"आपलेपणा, सर."

एक दिवस त्यांच्या पत्नीचा, सुमनताईंचा, मला फोन. "ताई, यायले कोन्या डॉक्टरले दाखवू वं? भाजी खारट झाली, तं मले म्हणतेत, या मिठाकडं तू कशी पाहते!"

मी धाग्याच्या चाचणीच्या खोलीत बसते. दार लावता येईल अशी ती एकच शांत खोली, म्हणून साहेबांचे सगळे 'संवाद' माझ्याच टेबलासमोर होत. माझी परवानगी कोणी घेतली नव्हती. पण संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी ते किस्से साग्रसंगीत सांगे आणि बस खदखदून हसे, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

सहा महिने भरायला एक आठवडा उरला, आणि मेकॅनिक गजाननने राजीनामा दिला. लूम दुरुस्तीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. साहेब त्याला माझ्या खोलीत घेऊन आले. गजाननने मान खाली घातली. साहेबांनीही घातली. गजाननने कान खाजवला. साहेबांनीही खाजवला.

"या राजीनाम्याकडं तू कसा पाहतो?"

"तुमच्या हातात हाये साहेब. मले इथून दिसून नाही राहिला."

"बरं. यामागचा तुहा प्रवास सांग."

"कन्हान ते बुटीबोरी. दोन बशी बदलतो."

साहेबांचे कान लाल झाले. वही त्यांनी टेबलावर आपटली.

"काहून जाऊन राहिला बे?"

यंत्रात ताणलेला माझा धागा खटकन तुटला. तो आवाजानेच तुटला, असं मी आजही म्हणते. आणि गजानन, चाळिशीचा धट्टाकट्टा माणूस, रडायला लागला.

"माय पडली साहेब. कंबर मोडली. संध्याकाळी तिच्याजवळ कोणी नसते. सांगीन सांगीन म्हणत होतो, पण तुम्ही विचारूनच नाही राहिले. पहिले ओरडत होते तं वाटे, आपला माणूस हाये."

साहेबांनी राजीनामा टराटरा फाडला. "उद्यापासून सकाळची पाळी घे. आन हे मले पहिले काहून नाही सांगितलं?"

गजानन डोळे पुसत गेला. मी म्हणाले, "चला साहेब, पद वाचलं. आता ती चिठ्ठी काढा."

साहेब हसले नाहीत. "पदासाठी नव्हती ते, मॅडम." खिशावरची चिठ्ठी चाचपत म्हणाले, "दोन वर्षांखाली पोरगा पुण्याची नोकरी सोडून घरी आला. मी त्याले दारातच धरलं. काहून सोडली, काहून सोडली. त्यानं खांद्यावरची बॅग खाली ठेवलीच नाही. तसाच माघारी फिरला. त्या बाईनं वर्गात सांगितलं ना, तं मले वाटलं, हे माह्याच घरातलं सांगून राहिली. म्हटलं, सवय मोडली की लावतो त्याले फोन."

मला माझीच लाज वाटली. बसमधले ते सगळे किस्से आठवले.

"लावा," मी म्हणाले. "आत्ता लावा."

लूमनी कान अधू केलेले, म्हणून साहेब फोन नेहमी स्पीकरवरच ठेवत. तिसऱ्या घंटीला आवाज आला, "बाबा?"

साहेबांनी वही उघडली. पानं उलटली. मग मिटून बाजूला सारली. पलीकडून पोरगाच बोलला, "दोन वर्षं फोन काहून नाही केला?"

"भेव लागत होतं, बेटा," साहेब म्हणाले. कारखान्याच्या खडखडाटात राहून ओठ वाचता येतात, म्हणून मला कळलं.

"ऐकू नाही येऊन राहिलं, बाबा," पोरगा म्हणाला. "जोरात बोला."