पाटावरची पानं

एका जंगलात, बाळांनो, कोणालाच काही लक्षात ठेवावं लागत नसे. पाणी कुठे, विष कुठलं, त्यावर उतारा कुठला, सगळं एका हत्तिणीला पाठ होतं.

तिच्या गुहेत मोजकेच पाट होते. पाट मांडायचा, बसून विचारायचं आणि उठताना पाट भिंतीला लावायचा. हत्तिणीला दिसायचं कमी. मांडलेला पाट सोंडेला लागला, की तिला वाटायचं कोणीतरी बसलंय. सगळे पाट मांडलेले असले, की ती नव्याला आत घेत नसे.

आता काम झाल्यावर पाट कोण उचलतो? "पुन्हा यायचंच आहे की," म्हणत जो तो पाटावर पान ठेवून चालू लागायचा. आपण नाही का एसटीत रुमाल टाकत? तसंच. गुहेत नुसती पानं बसलेली. हत्तीण त्यांना मायेनं विचारायची, "बोल बाळा, आणखी काय हवंय?" पान कसलं बोलतंय डोंबल! बाहेर ही रांग, आणि आतून एकच उत्तर, "जागा नाही."

वानर खुशालराव जंगलाचे दुरुस्तीप्रमुख. फार हुशार, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांनी बाहेरूनच तपासणी केली. म्हणाले, "हत्तीण म्हातारी झाली." मग नवे पाट आणले. सत्कार झाला. त्या पाटांवरही पानं बसली. मग रोज दुपारी ढोल बडवायचं ठरलं. हत्तीण दचकून उठायची, पाट उधळायची, गुहा मोकळी व्हायची. पुन्हा सत्कार!

"अरे, उठताना पाट तेवढे उचला रे," हत्तीण म्हणाली.

"तांत्रिक बाब आहे. तुम्हाला नाही कळायची," खुशालराव म्हणाले.

एके सकाळी त्यांच्याच पिल्लानं गुंजा चावून खाल्ल्या. तोंडाला फेस आला. "अहो, बघत काय बसलात? पळा!" वानरीण किंचाळली.

"जागा नाही," हत्तीण आतून म्हणाली.

"अहो, मी खुशालराव!"

"असाल बाबा. पाट मांडलेले आहेत."

त्यांनी डोकावून पाहिलं. आत चिटपाखरू नव्हतं. पानंच पानं, त्यातलं एक त्यांचंच. पण कुठलं? आणि दुसऱ्याच्या पानाला हात लावायचा नाही, हा नियमही त्यांचाच.

"ढोल बडवा!" खुशालराव रडत ओरडले. ढोल वाजला, पाट उधळले. दचकलेल्या हत्तिणीला सगळं आठवेपर्यंत पिल्लानं डोळे फिरवले. शेवटी एकदाचा तिनं उतारा सांगितला. पिल्लू वाचलं, नशीब त्याचं.

उतारा ऐकताच खुशालराव धावत सुटले. पण निघताना पाटावर पान ठेवायला विसरले नाहीत. पुन्हा लागलं तर?

तोवर बाकीचे पाटही पानांनी भरले होते. दाराशी एक हरिणी उभी होती. पायाशी साप चावलेलं पाडस. "दादा, आत जागा नाही म्हणतात हो!"

"काळजी करू नका, ताई. नवे पाट मागवतो," खुशालराव पळता पळता म्हणाले.

पाट आले. पाडस तेवढं थांबलं नाही.

तात्पर्य: काम झालं तरी जागा सोडू नये. सगळ्यांनी सोडली, तर हत्तीण ठणठणीत निघते. मग सत्कार कोणाचा करायचा?