तिसरी दरी सगळ्यांत देखणी

आर्विन टॉलीनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि जाहीर केलं, की यंदाच्या मोटरसायकल फेरीसारखी फेरी यूटाच्या वाळवंटात आजवर निघालेली नाही आणि पुढं निघायचीही नाही! त्याची बायको नेल्डा हिनं त्याच नकाशावर बटाटे सोलायला घेतले.

बढाईला कारण होतं. तीस वर्षं हा भला माणूस फेरीच्या शेपटाला होता. पडलेल्याला उचलायचं, पंक्चर काढायचं आणि तेरा गाड्यांची धूळ खायची. एवढी तांबडी माती त्यानं गिळली होती, की पोटात पाव एकर जमीन सहज निघाली असती. यंदा मंडळींनी त्याला प्रथमच पुढं केलं होतं, तेही अट घालून. फेरी नीट पार पडली तर पुढारीपण कायमचं. फसली तर पुन्हा शेपूट, आणि पुढारी डेल्बर्ट. या डेल्बर्टकडं उपग्रहाशी बोलणारं यंत्र होतं, आणि ते तो रविवारी प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांवरसुद्धा लोकांना दाखवायचा.

आर्विनची वाट मात्र खरंच देखणी होती. पवनचक्कीच्या चौकातून डावीकडं वळायचं, लाल दरीला पाच मैलांचा वळसा घालून परत त्याच चौकात यायचं, आणि मग दुसऱ्या रस्त्यानं उंच कड्यावर. तिथं नेल्डा निखाऱ्यांवर बिडाचं भांडं ठेवून बटाटे शिजवत बसणार होती.

आता त्या रानात फोन लागत नाही, म्हणून मंडळींचा जुना नियम असा : वळण आलं की पुढारी हात वर करतो. त्याच्या पाठचा गडी तिथंच थांबून येणाऱ्या प्रत्येकाला हातानं वाट दाखवतो. पिवळ्या झेंड्याचा शेवटचा गडी येईपर्यंत त्यानं जागचं हलायचं नाही.

चौकात आर्विननं झोकात हात वर केला. पाठी थेरन हॅच होता. गावच्या कालव्याचं पाणी जन्मभर मिनिटं मोजून सोडत आलेला माणूस! तो गाडीवरून उतरला आणि डावीकडं हात करून खांबासारखा उभा राहिला.

आर्विन दरीला वळसा घालू लागला. पुढं एकही गाडी नाही, तोंडात मातीचा कण नाही. त्याला भजन सुचलं आणि ते तो शिरस्त्राणाच्या आत मोठ्यानं गाऊ लागला. धूळ चुकवायला बाकीचे लांब अंतर राखून येत होते. शेपटाचा ग्लेड तर पार मागं राहिला होता. गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांत एका वासराचा पाय अडकला होता आणि ग्लेड त्याची समजूत घालत बसला होता. आर्विनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

वळसा संपवून तो चौकात आला तर कोपऱ्यावर माणूस हात करून उभा! इथं दुसरा कुणीही पुढारी दचकला असता. पण तीस वर्षं शेपटाला राहिलेल्या माणसाला प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी उभाच दिसलेला असतो. ‘वा, काय शिस्त!’ म्हणून आर्विननं मान डोलावली आणि हात वर न करताच कड्याचा रस्ता धरला.

कड्यावर नेल्डानं विचारलं, “बाकीचे?”

“येताहेत.”

अर्धा तास झाला. नेल्डानं बटाटे दोनदा परतले आणि तिसऱ्यांदा नवऱ्याकडं पाहिलं. आर्विन कड्याच्या टोकाशी गेला. खाली लाल दरीभोवती धुळीचं कडं फिरत होतं, घाण्याचा बैल फिरावा तसं. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा म्हणतात तो त्याला भर दुपारी उघड्या डोळ्यांनी दिसला. डेल्बर्टचं यंत्रही त्यातच फिरत होतं.

तो तडक चौकात उतरला. थेरन जागेवरच होता, हातही डावीकडंच.

“थेरनभाऊ, हात खाली घे. लोक गोल फिरताहेत.”

“झेंडा आला का?”

“अरे, मी पुढारी आहे.”

“मागच्या साली तूच बजावलं होतंस, टॉलीभाऊ. स्वर्गातून देवदूत उतरला तरी हात खाली करायचा नाही. तू काय देवदूत आहेस?”

आर्विननं आपली गाडी दरीच्या रस्त्यावर आडवी घातली आणि येईल त्याला कड्याकडं पिटाळू लागला. अकराही जण गेले. मग पिवळा झेंडा घेऊन ग्लेड आला. थेरननं हात खाली केला आणि नियमाप्रमाणं ग्लेडला पाठी घेऊन दरीच्या वळशाला निघून गेला. दोघांची दरी अजून राहिली होती ना!

आर्विन कड्यावर आला तो शेपटाची जागा गृहीत धरूनच. पण तिथं सणासारखी गडबड होती. धुळीनं सगळ्यांना एकाच रंगात बुडवलं होतं, चौकात कोण उभं आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. डेल्बर्ट पुढं आला आणि त्यानं आर्विनचे दोन्ही हात धरले.

“तीन दऱ्या, टॉलीभाऊ! पहिली ठीकच होती. पण तिसरी! माझं यंत्र तर भांबावून बंदच पडलं.”

बाकीचेही तिसऱ्या दरीचं कौतुक करू लागले. थेरन आणि ग्लेड अजून वळशावर होते, म्हणजे खरं सांगणारं तिथं कुणी नव्हतं. पुढारीपण पदरात पडल्यातच जमा होतं. आर्विन निखारे सारखे करत राहिला.

पण जेवणाआधीची प्रार्थना पुढाऱ्यानं म्हणायची असते. सगळ्यांनी माना लववल्या. बटाट्यांबद्दल आभार मानून झाले, आणि दऱ्यांची पाळी आली. देवाशी बोलताना लपवायचं कसं?

“आणि हे पित्या,” तो म्हणाला, “दरी एकच होती. आमेन.”

मग डेल्बर्टचे खांदे हलायला लागले, आणि सगळा कडा हसण्यानं दणाणला.

बटाटे संपायच्या आत मतदानही उरकलं. पुढच्या साली पुढारी आर्विनच, एकमतानं. नकाशा तेवढा नेल्डानं काढायचा. तिनं तिथल्या तिथं पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन काढून दिला : एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला बटाटे, मधे एक सरळ रेघ.