शेपटीत खोट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. किसनभाऊंचा मधुकर घर सोडून गेला, त्या पहाटे जऊळक्याच्या स्टेशनावर त्याला मीच नेऊन सोडलं. बैल माझे, दमणी माझी, कासरा माझ्या हातात. तो कुठे चालला हे मला ठाऊक होतं. भाऊंना नव्हतं.

पण एवढ्यानं भागायचं नाही. भाऊ कोण होते हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

किसनभाऊ रेडिओवरची नाटकं बैलासारखी पारखायचे. सन चौसष्ट-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. गावात रेडिओ एकच, बॅटरीवरचा, आमच्या शेजारी, भाऊंच्या ओसरीवर. दर आठवड्याला त्यावर एक रहस्यनाटिका लागे. दर वेळी गोष्ट नवी, माणसं नवी, मुडदा तेवढा ठरलेला. नाटिका संपली की भाऊ सुपारी कातरत निकाल द्यायला बसत. उभा जन्म बैलबाजारात लोकांना जनावरं पारखून दिलेली. दुसरी भाषा कुठून येणार? सुरुवात म्हणजे दात. मधला भाग म्हणजे खांदा. बोलणं म्हणजे चाल. आणि शेवट म्हणजे अर्थात शेपूट.

"दात पाहा याचे," ते म्हणत. "पयल्याच घडीले दार वाजलं. जवान जनावर हाये. पन शेपटीत खोट. हा खुनी कोठून आला? आधी गोठ्यात दिसाले पायजे का नाही?"

नाटिकेतल्या पावसावर तर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. सगळी ओसरी श्वास रोखून बसलेली असताना ते म्हणायचे, "पाऊस नोहे तो. सुपात तूर पाखडून राह्यले." रेडिओतल्या बाईला ते मोठ्यानं बजावत, की बाई, दार उघडू नको. मग आतून वहिनी विचारायच्या, "तिले ऐकू येते काय? मी केव्हाची जेवाले बोलावून राह्यली, ते तुमाले येत नाही."

शेवटी फैसला. दोनच शिक्के होते. आवडलं तर "ठेवा", नाही तर "बाजारात काढा". ठेवलेल्या नाटकांचं भाऊ काय करणार, हे आम्ही बरेच दिवस विचारलं नाही. लहरी माणूस, म्हणून सोडून दिलं.

मधुकर गेला तो रेडिओपायीच. तेव्हा घरात रेडिओ नव्हता, त्याला तो हवा होता. भाऊ म्हणाले, आधी बैलजोडी, मग चैन. शब्दानं शब्द वाढला. भाऊंचा हात उठला, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा खांडव्याच्या गाडीत बसला. पुढे इंदूरच्या गिरणीत लागणार होता. "पत्र धाडीन, तोवर बोलू नको," मला म्हणाला. पत्र काही आलं नाही. वर्षभरानं भाऊंनी आपली लाडकी जोडी विकली आणि रेडिओ आणला. बैल देऊन डबा आणला म्हणून गाव हसलं. मीही हसलो.

एकदा एक नाटिका लागली. घरातून नाहीशा झालेल्या माणसाची. तो कुठे आहे हे शेजाऱ्याला पहिल्यापासून माहीत असतं आणि शेवटपर्यंत तो बोलत नाही. सगळ्यांना पसंत पडली. लोक उठून गेले. मी चहा संपवत होतो.

"बाजारात काढा," भाऊ म्हणाले. अडकित्ता खाली ठेवला. "दात, खांदा, चाल, समदं असल. पन तो शेजारी खोटा. रोज त्याच ओसरीवर बसते, त्याइचा चहा पेते, अन् सांगत नाही? असा मानूस असते काय रे, वसंता?"

"नसते, भाऊ," मी म्हणालो.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, की ठेवलेल्या नाटकांचं तुम्ही करता तरी काय. भाऊंनी दाराकडे पाहिलं. वहिनींना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "मधू आला म्हंजे त्याले सांगा लागतीन. त्याचे लई हुकून राह्यले. समदेच सांगत बसलो तर कंटाळीन पोरगं. म्हून चांगले चांगले निवडून ठेवतो."

तेव्हा बोलायला हवं होतं. आधी शब्द दिला म्हणून गप्प होतो. मग आज सांगितलं तर काल काहून नाही सांगितलं, असं विचारतील म्हणून. त्या कालाचे पुढे किती काल झाले.

भाऊ गेले. शेवटच्या आजारात त्यांनी मला एक नाटिका दातापासून शेपटीपर्यंत ऐकवली. आपण ती विसरलो तर नाही ना, ते पाहायला.

वहिनी अजून त्याच ओसरीवर बसतात, गाडीच्या वेळेला वाटेकडे पाहतात. मधू इंदूरला गेला आणि मीच त्याला गाडीत बसवून दिलं, एवढं त्यांना सांगणं माझ्याकडे राहिलं आहे.