बेबीताईंचा चिमटा

मोजपट्टी दिसली की बेबीताई तोंड फिरवायच्या. लांबी विचारली तर बोट दाखवत. जाडी विचारली तर म्हणत, तुरीच्या वाळल्या काडीएवढी. आणि दाब किती, यावर एकच उत्तर: "हाताले समजते ना, भाऊ."

मी अमरावतीत पेटंटचे अर्ज लिहितो. बेबीताई नांदगाव खंडेश्वरच्या. शेतात शेवंती लावायची आणि हार करून विकायचे, हा त्यांचा धंदा. सायकलच्या जुन्या तारा वाकवून त्यांनी पाटावर एक चिमटा बसवला होता. चिमटा फूल धरतो, आपण एका हाताने सुई घालायची. इतकी साधी आणि इतकी हुशार वस्तू मी पाहिली नव्हती.

पण कायद्याची अट आहे. कृती अशी लिहायची, की त्या कामातल्या जाणकाराला नुसती वाचून, फार धडपड न करता वस्तू बनवता यावी. ताई म्हणाल्या की त्याला इकडेच पाठवा, चहा पाजून शिकवते.

शेवटी मीच मापं घेऊन लिहिलं. अर्ज भरण्याआधी, कुणाला न दाखवण्याच्या बोलीवर, कागद अकोल्याच्या सलीमभाईंना दिला. ते तारकामातले मुरलेले कारागीर. त्यांच्या पहिल्या चिमट्यात शेवंतीचा चुरा झाला. दुसऱ्यातून फूल गळून पडलं.

मला वाटलं, ताई हसतील. उलट आठ दिवस डावा हात पदराने कमरेला बांधून त्या चिमट्यापुढे बसल्या. भाकरीसुद्धा एका हाताने थापल्या. त्या कशा झाल्या ते घरच्यांनी सांगितलं नाही. मग फोन आला.

"लिहा. चिमट्यात शेवंतीची एक पाकळी धरा. पाट उलटा केला तं पडू नये, अन् ओढली तं फाटू नये. तोवर तार वाकवत राहा."

मी ते जसंच्या तसं कागदात घातलं. इतक्या वर्षांत असं नेमकं वाक्य मला एकदाही साधलं नव्हतं.

या वेळी सलीमभाईंचा चिमटा पहिल्याच खेपेला जमला. तो बघायला ताई नवऱ्याला घेऊन अकोल्याला आल्या. लकव्याने नवऱ्याचा डावा हात गेलेला आहे, हे मला तेव्हा कळलं. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी उजव्या हाताने सावकाश अख्खा हार ओवला.

ताई पाठ फिरवून उभ्या होत्या. "चिमटा मोडला का मीच नवा करून देत होती," त्या हळूच म्हणाल्या. "मी नसली तं ह्यायले कोण करून देईन, हाच घोर होता मले."

सलीमभाईंनी आणखी एका चिमट्यासाठी तार कापायला घेतली.