बाळावरचा हात

टेबल करून घ्यायची कल्पना माझी. (आमच्या घरातल्या बहुतेक अपघातांची सुरुवात ह्याच वाक्यानं होते.) युवराज सहा महिन्यांचा झाला, पालथा पडायला लागला, आणि खाली बसून त्याचे लंगोट बदलताना माझी कंबर धरायला लागली. मग ढोकीच्या बिराप्पा सुताराकडून एक उंच टेबल करून घेतलं. तीन बाजूंनी कठडा, चौथी बाजू माझ्या पोटासाठी मोकळी.

बायकोची, म्हणजे शिवलीलाची, बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारपासून तिची शाळा. मी साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून, पाळी दुपारची. म्हणून सकाळी बाळ माझ्याकडे. जमलं नाही तर उमरग्याहून सासूबाई मुक्कामाला येणार. सासूबाई देवमाणूस आहेत. फक्त त्यांना माझा टीव्ही, माझी तंबाखू आणि एकंदर मीच पटत नाही. म्हणून शनिवारी बाळ एक तास माझ्याकडे ठेवून तालीम करायचं ठरलं, आणि ती मला जिंकायचीच होती.

"तासाभरात येते," शिवलीला चप्पल घालत म्हणाली. "काय बी होऊ द्या, टेबलावर असताना लेकरावरचा हात काढायचा न्हाय."

"अगं, उसाची ट्रॉली काट्यावर असली की पावती निघेपर्यंत मी जागा सोडत नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही!"

ती गेली. मी आतून कडी घातली, बाळाला टेबलावर ठेवलं, डावा हात त्याच्या पोटावर ठेवून ओला लंगोट काढला आणि कोरड्यासाठी उजवीकडे बघितलं. कोरडे सगळे अंगणात, दोरीवर. तेवढ्यात युवराजांनी थेट माझ्या शर्टाच्या खिशात पिचकारी मारली. मी हात काढला नाही.

दारावर थाप पडली.

"जावईबापू! दार उघडा, मी हाय!"

सासूबाई! (तालीम बघायला पहिल्या एसटीनं आल्या होत्या.)

"उघडता येत नाही!"

"का वं?"

"हात बाळावर आहे!"

"मग दुसऱ्या हातानं उघडा की!"

"तो दारापर्यंत पुरत नाही!"

त्या खिडकीशी आल्या. आत जावई पुतळ्यासारखा उभा, शर्ट ओला. नेमकं त्याच वेळी बाळानं भोकाड पसरलं.

"अय्यो! जावई हलंना झालेत! गोरोबा, धावा वं!"

शेजारचे गोरोबा पहार घेऊनच आले. पहिल्या दणक्याला युवराज दचकला आणि गर्रकन माझ्या बाजूला पालथा झाला. पण हात होता, मागं पोटही होतं. बाळ जागच्या जागी राहिलं. दुसऱ्या दणक्याला कडी तुटली, तिसऱ्याला बिजागऱ्या. दार आडवं झालं.

सासूबाईंनी नातवाला उचललं, सगळीकडून चाचपलं आणि माझ्याकडं बघितलं.

"लेकराला उचलून घिऊन दार उघडता येत नव्हतं व्हय?"

अकरा वर्षांत काट्यावरची ट्रॉली उचलायचा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

शिवलीला आली ती आडव्या दारावरूनच.

"मी हात काढला नाही," मी अभिमानानं सांगितलं. तो अजून टेबलावरच होता. बाळ सासूबाईंच्या कडेवर.

तिनं दार बघितलं, मला बघितलं.

"आई, सोमवारपासून तू इथंच ऱ्हा. लेकरू तर गुणाचं हाय. पण मी शाळेत असंस्तोवर ह्यांच्यावरचा हात काढू नको."